परतीच्या नळावरचं दही

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, व्हेअर डझ द हीट कम फ्रॉम?" तुमच्या नव्या घरात शेगडी नाही, बॉयलर नाही, तरी बाहेर बर्फ असताना खोल्या उबदार. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. शिवाय गेल्या महिन्यात तुमची आई इथून एक छोटी बाटली घेऊन गेली, तिची हकीकतही तुम्हांला ठाऊक असावी. म्हणून आता बसून लिहिते आहे.

इथल्या वाळवंटी शहरात, अल मनखूल भागातल्या आमच्या जुन्या घरात प्रत्येक खोलीला वेगळा एसी होता. खोलीतली गरमी बाल्कनीतल्या यंत्रातून बाहेर फेकली जायची. त्या यंत्राशेजारी मी दह्याचा डबा ठेवायचे. विरजण माझ्या सासूबाईंचं, लग्नानंतर रत्नागिरीहून आणलेलं. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी काढायचं, हा नियम मी कधी मोडला नाही.

मग आम्ही या टॉवरमध्ये आलो. इथे बाल्कनी नाही आणि एसीचं बाहेरचं यंत्रही नाही. पहिल्या दिवशी दही लागलंच नाही. दुसऱ्या दिवशीही डब्यात नुसतं पाणचट दूध. जुन्या दह्यातलं चमचाभर तेवढं उरलं होतं. तेही वाया गेलं असतं तर सासूबाईंचं विरजण संपलं असतं. एसी बंद करावा, तर तुमचे आजोबा लगेच म्हणायचे, "दह्यासाठी मला उकडणार का?"

इमारतीची यंत्रं सांभाळणारे गृहस्थ रायगडचे निघाले. त्यांनी समजावलं, की दूरच्या प्लांटमधून गार पाणी जमिनीखालच्या नळाने तळघरात येतं, आपल्या घरांतली गरमी घेतं आणि दुसऱ्या नळाने परत जातं. मी 'गरमी घेतं' एवढंच ध्यानात ठेवलं. कोमट दुधात शेवटचा चमचा घातला, डबा टॉवेलात गुंडाळला आणि तळघरात गेले.

"आजी, हे काय आणलंत?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"दही लावलंय. परतीच्या नळावर ठेवायचंय."

ते भिंतीला टेकून हसायला लागले. "आधी हात लावून बघा."

लावला. नळ गारच! येताना पाणी फ्रिजमधल्यासारखं, जाताना माठातल्यासारखं, एवढाच फरक.

"मग गरमी जाते कुठे?"

"प्लांटवर. तिथं छपरावरनं हवेत सोडतात. जाता का तिथवर डबा घेऊन?"

हे शेवटचं विरजण आहे आणि ते कुणाचं आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं. "यल्ला, चला, द्या इकडं." पंपांच्या खोलीत मोटारींची ऊब असते. तिथल्या फळीवर त्यांनी डबा ठेवला आणि वर कागद चिकटवला: हात लावू नये, आजींचं आहे.

संध्याकाळी दही घट्ट लागलं होतं. पहिली वाटी त्यांना दिली. आठवडाभर डबा तळघरात जात राहिला. शेवटी आजोबांनाच लाज वाटली आणि त्यांनी मागच्या खोलीचा एसी बंद केला.

तुमच्याकडे हाच कारभार उलटा आहे. प्लांटमधून कढत पाणी रस्त्याखालून येतं, तुमच्या खोल्यांना ऊब देतं आणि तापायला परत जातं. ते नळ तुमच्या जिन्याखालच्या कपाटात आहेत. तिथला परतीचा नळ मात्र खरोखर कोमट असतो, मी तुमच्या आईला हात लावून बघायला सांगितलं. इथून नेलेल्या बाटलीतलं विरजण दुधात घालून डबा तिने त्याच कपाटात ठेवला. काल फोटो आला, दही लागलंय.

सासूबाईंचं विरजण आता दोन घरांत आहे.