पालथे घमेले आणि चौघांचे जेवण

लटारू सुकलू गुरनुले. जन्म १९५२, मृत्यू २०२४. दोन्ही पिंपळटोली येथे आणि एकाच घरात. जन्मतारीख शाळेत दाखल करताना गुरुजींनी अंदाजाने घातलेली असल्यामुळे ती येथे देत नाही. वर्ष बरोबर असावे, कारण आम्ही दोघे एकाच दिवशी शाळेत बसलो होतो. पुढे मी शिकत राहिलो, शिक्षक झालो आणि तो वडिलांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरला. निवृत्तीनंतर मी गावी परतलो, तेव्हापासून अखेरपर्यंत आम्ही शेजारी होतो. खालील हकिकत काही त्याच्याकडून आणि काही वनरक्षक रश्मी मडावी यांच्याकडून मी ऐकली आहे.

पिंपळटोली सिंदेवाहीच्या बाजूला आहे. लटारूचे घर गावाच्या टोकाला. घरामागे परस, परसामागे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. पत्नी गिरजाबाई गेल्यानंतर घरात तो एकटाच उरला. मुलगी रंजीता मुलचेऱ्याला दिलेली. दर दिवाळीला येते म्हणत असे आणि दर दिवाळीला काहीतरी अडचण निघत असे. लटारू सकाळी एकदाच भात रांधी. तोच दुपारी चिंचेच्या पाण्याशी खाई आणि संध्याकाळी उरलेला मिठाशी. “एका माणसासाठी फोडणी काऊन द्यायची?” असे तो मला म्हणे.

२०२२ च्या पावसाळ्याच्या शेवटी शेजारच्या गावातील एका गुराख्याला वाघाने मारले. जंगलात जाण्यास मनाई झाली आणि वनखात्याचे एक लहान पथक पिंपळटोलीत राहायला आले: रश्मी मडावी आणि बिरजू व इसरू हे दोन वनमजूर. जंगलाकडे पाहणारी ओसरी हवी म्हणून त्यांनी लटारूचीच निवडली. तांदूळ-डाळ ते स्वतःची आणीत. चूल मात्र लटारूने हातची सोडली नाही. त्या घरात पुन्हा फोडणीचा वास येऊ लागला. तो आधी तिघांना वाढी, त्यांचे झाल्यावर स्वतः जेवी आणि तोंडाने अखंड बोलत राही. इतका बोलणारा लटारू मी त्याच्या लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

वाघ सापडला की पथक जाणार, हे त्याला ठाऊक होते. तो सापडत नव्हता. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांत रानडुकरे येत, चितळे येत, एकदा तर इसरू स्वतःच आला.

आश्विनातल्या एका सकाळी पथक पलीकडच्या टोलीवर गस्तीला गेले होते. लटारू पाणी टाकायला परसात गेला, तेव्हा भोपळ्याच्या वेलापाशी, ओल्या मातीत, त्याला पंजाचा ठसा दिसला. ताजा होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. ठशावर कोंबड्या फिरू नयेत म्हणून घमेले पालथे घालायचे, हे त्याने पथकाकडूनच पाहिलेले. त्याने घमेले आणले, ठशावर पालथे घातले आणि वर दगड ठेवला.

फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. अक्षरओळख फारशी उरली नव्हती, तरी एका बटणावर रश्मीला फोन लागेल अशी सोय इसरूने करून दिली होती आणि तिचा क्रमांक ‘वाघ’ या नावाने भरला होता. हे मी मुद्दाम नमूद करतो. लटारूने फोन केला नाही. तो स्वयंपाकघरात गेला.

पथकाचा शिधा आदल्या दिवशीच संपला होता आणि बाजार दोन दिवसांवर होता. त्याने एकेक डबा खाली उतरवला. मूठभर लाखोळीची डाळ निघाली. सुकटीचा तळ निघाला. मडक्यात उन्हाळ्यातली वाळलेली मोहफुले होती आणि शिंक्याखालच्या डब्यात तांदळाचे पीठ, रंजीता दिवाळीला आली तर म्हणून ठेवलेले. तेल पळीभर. कांदा नव्हता. भाजीसाठी तो पुन्हा परसात गेला आणि घमेल्याकडे न पाहता भोपळ्याची कोवळी पाने व फुले खुडून आला.

तेवढ्यात इंदुताई, पलीकडच्या घरातली म्हातारी, विळा घेऊन नाल्याच्या वाटेला लागलेली त्याला दिसली. तो भिजलेल्या हातांनी धावत गेला.

“इंदुताई, परत फिरा. आज तिकडं जायाचं नाई.”

“काऊन? काल त गेली होती मी.”

“आज नाल्यावर बी बंदी आहे. मॅडमनं सांगतलं.”

“मॅडम त पहाटेच गेली. तुले कानात सांगून गेली का?”

“हो, कानातच सांगतलं. चला घरी.”

“तिघांले भात वाढून वाढून तू त साहेबच झाला रे, लटारू!” असे म्हणून ती कुरकुरत परतली. ती दार लावेपर्यंत तो वाटेवर उभा राहिला. मग चुलीपाशी आला.

डाळीत त्याने भोपळ्याची पाने शिजवली. फुले पिठात बुडवून तव्यावर परतली. सुकट भाजून चिंच-मिरचीशी वाटली. मोहफुले उकडून त्यांत घरचे तीळ कुटून घातले. आणि उरलेल्या पिठाचे आयते केले. तांदळाच्या पातळ धिरड्यांना आमच्याकडे हे नाव आहे. डबे सगळे रिकामे झाले.

उन्हे वर आल्यावर पथक परतले.

“भाऊ, आज जावई येऊन राह्यला का?” बिरजूने ताटे पाहून विचारले.

“जावई कायले येते? तुमीच बसा.”

“मले आधीच सांगतलं असतं त दाढी करून आलो असतो,” इसरू म्हणाला.

“तुले कोण पोरगी देते रे? कॅमेऱ्यात तुझा फोटो सगळ्यांनी पाह्यला आहे,” रश्मी म्हणाली.

लटारूने चौथे ताट मांडले. “आज मी बी तुमच्यासंगच बसतो,” तो म्हणाला.

चौघे एका ओळीत बसले. इसरूने आयते मोजायचे सोडून दिले. रश्मीने मोहफुले दोनदा मागून घेतली आणि आपली आजी अशीच करते, फक्त तीळ जास्त घालते, असे सांगितले. लटारू त्या जेवणात फार थोडे बोलला. सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर त्याने स्वतःचा तांब्या खाली ठेवला.

“मॅडम, मांगं परसात घमेलं पालथं आहे. त्याच्याखाली पाहून घेजा.”

रश्मी गेली, घमेले उचलले, टेप लावून ठसा मोजला आणि परत आली.

“कवाचं आहे हे?”

“सकाळचं.”

“मंग फोन काऊन नाई केला?”

“तुमी जेवल्याबिगर गेले असते.”

“आणि एखादं माणूस मेलं असतं त, भाऊ?”

इंदुताईला परत पाठवल्याचे तो सांगू शकला असता. पण नाल्याची वाट एकच नाही, हे तो जाणत होता.

त्याच संध्याकाळी परसामागे पिंजरा लागला. पिंजऱ्याजवळ माणसांचा वावर नको म्हणून पथक शाळेत हलले. लटारूलाही रात्री शाळेत निजायला सांगण्यात आले. तो दुसऱ्या खोलीत निजला. रश्मी त्याच्याशी कामापुरते बोलली. थोड्याच दिवसांत वाघ पिंजऱ्यात आला, सारे गाव पाहायला लोटले. लटारू तेव्हा घरी भात रांधत होता. पथक दुपारी निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात रश्मीची बदली अहेरीकडे झाली. जाण्यापूर्वी ती एका दुपारी एकटीच, न कळवता आली आणि ओसरीवर बसली.

“काय आहे घरात?” तिने विचारले.

“भात आहे. चिंचेचं पाणी आहे. थांबा, काही पाहातो.”

“पाहू नका. तेच वाढा.”

ती जेवली. ताट स्वतः धुतले. गाडीला किक मारण्याआधी म्हणाली, “भाऊ, पुढच्या वेळी फोन करजा. वाघ नसला तरी.”

लटारूने “हो” म्हटले. फोन त्याने कधीही केला नाही. मी दोनदा सुचवले. “त्यांले काम राह्यते,” एवढेच तो म्हणे.

२०२४ च्या थंडीत तो झोपेतच गेला. राहिलेल्या गोष्टींची व्यवस्था अशी लागली: बांधी रंजीताने इंदुताईच्या मुलाला अर्ध्या वाट्याने दिली. घराची किल्ली माझ्याकडे आहे. नातेवाइकांना रंजीताने त्याच्याच फोनवरून कळवले. ‘वाघ’ हे नाव सरकारी असेल असे समजून तिने तेवढे वगळले. त्यामुळे रश्मीला तेरवीनंतर मी कळवले.

तिने विचारले, “घरात खायाले काय होतं, गुरुजी?”

मी स्वयंपाकघर स्वतः आवरले असल्यामुळे नेमके सांगू शकलो. भात होता. चिंच होती. आणि शिंक्याखालचा डबा तांदळाच्या पिठाने पुन्हा भरलेला होता. पीठ ताजे होते.