रेक्झिनचा पट्टा

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला काकू म्हणायचे. मालकसुद्धा, आणि मालक वयाने तिच्याहून मोठा होता. रेक्झिन हा जाड, हट्टी, सुया मोडणारा प्रकार. काकूच्या मशीनखालून मात्र तो मुकाट सरकायचा. त्याचे अवजड रोल ती एकटीच उचलून टेबलावर घ्यायची. कुणी म्हणालं, "थांबा काकू, दोघी मिळून उचलू," तर हिचं उत्तर ठरलेलं, "तू येईपर्यंत माझं एक कव्हर शिवून होतं." बाळंतपणंसुद्धा तिने याच घाईत उरकली होती. पोरं आपापल्या संसाराला लागली होती आणि घरात आता ती आणि नळाची कामं करणारा तिचा नवरा, एवढेच उरले होते.

एका संध्याकाळी अंघोळ करताना तिच्या हाताला खाली काहीतरी लागलं. मऊ, गोल, लिंबाएवढं आणि चक्क बाहेर आलेलं. तिने हात मागे घेतला, पुन्हा लावला, पुन्हा मागे घेतला. गाठ! दुसरा शब्दच तिच्या डोक्यात आला नाही. कारखान्याच्या वरच्या मजल्यावरची टायपिस्ट गाठीनेच गेली होती. तिची छातीत होती, हिची भलतीकडे, एवढाच काय तो फरक.

सकाळी उठली तर गाठ गायब. दुपारपर्यंत रोल उचलून झाले की पुन्हा हजर, आणि संध्याकाळी आणखी मोठी. आडवं झालं की आत जाते, उभं राहिलं की बाहेर येते, हे काकूच्याही लक्षात आलं होतं. पण भ्यायलेल्या माणसाची अक्कल उलटी चालते. तिने त्याचा अर्थ असा काढला की ही बया दिवसभर वाढते आणि रात्री आत दबा धरून बसते.

सांगणार कुणाला? नवऱ्याबरोबर सगळा जन्म काढला होता, पण "मला खाली काहीतरी झालंय" हे वाक्य त्याच्यासमोर कसं उच्चारायचं ते तिला माहीत नव्हतं. डॉक्टरकडे जावं तर डॉक्टर बघणार, आणि बघितलं की नाव सांगणार. नाव कळेपर्यंत ते खरं नाही, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. तिने अंथरूण तेवढं वेगळं केलं. "कंबर धरते हो, मला खालीच बरं," म्हणाली. तो "बरं" म्हणाला. तो बोलका नव्हताच. कुणाचा नळ गळत असला तरच त्याला वाचा फुटायची.

मग काकूने तिला जे येत होतं ते केलं. जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या रेक्झिनचा एक पट्टा कापला, मध्ये फोमची गादी घातली, नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारली आणि कमरेला बांधायला बंद लावले. आवळून बांधला की गाठ आत राहायची. फोम कापणाऱ्या बाईची नजर मोठी तिखट. तिने विचारलंच, "हे कुठल्या गाडीचं?"

"स्कूटरचं," काकू म्हणाली आणि पट्टा पिशवीत कोंबला.

सुरुवातीला बरं वाटलं. मग एक दिवस पट्ट्यावर रक्त दिसलं. थोडंसंच, पण पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईला थोडंसंही पुरतं. तिने पट्टा मोरीत घासून धुतला आणि दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट बांधला. डाग वाढतच गेला.

आता संपलं, असं तिने मनाशी धरलं आणि निरवानिरव सुरू केली. नवऱ्याला कुकर लावायला शिकवला.

"आत्ताच काय नडलंय?" तो म्हणाला.

"शिकलात तर हात झडणार नाहीत."

विजेचं बिल कुठे भरायचं, थोरलीला कधी फोन केला की ती चिडत नाही, हे सगळं ती बोलता बोलता सांगून टाकायची. तो मान हलवायचा. रडू आवरेना झालं की ती मोरीत जाऊन नळ सोडायची.

आणि एका दुपारी तिला लघवीच होईना. पोट कडक झालेलं, कळांवर कळा, अंगाला दरदरून घाम. कारखान्याच्या संडासात ती भिंतीला धरून उभी राहिली. बाहेरून फोमवाली दार बडवत होती. "काकू, कडी काढा! नाहीतर मालकाला बोलावते हां!"

मालकाचं नाव निघताच कडी निघाली.

"अहो, काय होतंय तरी काय?"

"मरतेय मी," काकू म्हणाली. इतक्या महिन्यांत मनातलं खरं असं तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच.

फोमवालीने तिला मालाच्या टेम्पोत कव्हरांच्या गठ्ठ्यांवर आडवं घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. नर्सने नळी घालून लघवी काढली, कळा थांबल्या. मग डॉक्टर आली. वयाने काकूच्या धाकटीएवढी. टेबलावर पाय वर अडकवून पडलेल्या काकूने डोळे गच्च मिटून घेतले. आता नाव सांगणार, आता सांगणार.

"मावशी, हा पट्टा कुणी दिला?"

"मीच शिवलाय. रेक्झिनचा. फाटत नाही."

"रेक्झिन नाही हो फाटलं, तुम्ही फाटलात!" डॉक्टर भडकली. मग आवाज उतरवून म्हणाली, "ही गाठ नाहीये. तुमची पिशवी खाली आलीय, गर्भाशय. त्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडले की ते सरकतं. बाळंतपणं, जड उचलणं, वय. कितीतरी बायकांना होतं. अंग बाहेर येणं म्हणतात ना, ते हेच. कधी ऐकलं नाहीत?"

ऐकलं होतं. पण कुजबुजीत ऐकलं होतं, आणि नेमकं काय बाहेर येतं ते कुजबुजणाऱ्यांनाही ठाऊक नसावं.

"मग रक्त?"

"तुमच्या या पट्ट्याने घासून घासून जखम झालीय." काकूच्या जिवात जीव येतोय तोच ती पुढे म्हणाली, "पण जखम बरीच जुनी आहे. खात्री करायलाच हवी. छोटा तुकडा तपासायला पाठवते. निकालाला याल तेव्हा घरचं कुणीतरी घेऊन या."

घरचं कुणीतरी! ते शब्द घेऊन काकू घरी आली. आधी निदान मरण आपोआप आलेलं होतं. आता वाटायला लागलं, ते आपणच मशीनवर बसून शिवलं. निकालाचा दिवस आला. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "बायकांची तपासणी आहे, नुसतं सोबत बसा." त्याने काही विचारलं नाही. धुतलेला शर्ट घातला आणि आला.

तो बाहेर बाकावर बसला, ती आत गेली.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाली. "साधी जखम आहे, भरत आलीय. पूर्ण भरली की आत एक रिंग बसवू, ती पिशवी वर धरून ठेवेल. नको वाटली तर ऑपरेशनही करता येतं. ओझी उचलणं बंद. आणि पुन्हा काही झालं तर शिवत बसू नका, इकडे या."

काकूने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ती भिंतीला धरत धरत बाहेर आली.

नवरा उभा राहिला. त्याने तिचा चेहरा बघितला आणि मटकन पुन्हा बाकावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हुंदके देऊन रडायला लागला. बाकावरच्या बायका बघायला लागल्या.

"अहो, काय हे? नाही काही निघालं! ऐका ना, साधी जखम आहे!" तिने त्याचा खांदा गदागदा हलवला.

"नाही निघालं?"

"नाही."

त्याने बाहीने डोळे पुसले. "मोरीत रक्ताचं पाणी बघितलं होतं मी. बरेच महिने झाले."

"आणि गप्प बसलात?" काकूला असा राग आला की तिचा आवाज परत आला. "एका खोलीत राहतो आपण! विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

ती त्याच्याशेजारी बसली. नर्सने बाक रिकामा करायला सांगितलं, पुढच्या बायका खोळंबल्या होत्या.

"उठा," ती म्हणाली.

"थांब जरा. पाय चालत नाहीयेत."

"माझेपण," ती म्हणाली.