दहा पॉइंट नऊवरचा आवाज

शांतिपूरच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. नाव पशुपती नंदी, आणि तोंडाचा फटकळ. सत्त्याऐंशी सालच्या थंडीत सुहासिनी बौदी गमछ्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर घेऊन माझ्या काउंटरपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या हातातला चिमटाच खाली पडला. बौदी म्हणजे वहिनी; त्या हरिदांच्या बायको. हरिदा, म्हणजे आमच्याच गल्लीतले विणकर हरिसाधन बसाक, सहा महिन्यांपूर्वी गेले होते. आणि शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

"ठाकुरपो," त्या म्हणाल्या. दिराला मारावी तशी हाक त्या मला पहिल्यापासून मारत. "हा लावायला शिकवा."

"कलकत्ता ना? कुणीही लावून देईल."

"कलकत्ता नको. लांबचं. तुम्ही लोक ऐकता ते."

"आता या वयात कशाला?"

"यांनी खोटं लिहिलं होतं का, ते मला बघायचंय. लिहिलं असेल तर लिहिलं. नसेल तर नाही. पण मला कळायला हवं."

हरिदांना खोटारडं ठरवणारा मीच होतो.

आमचा श्रोत्यांचा क्लब होता. बारा-चौदा माणसं आणि सचिव मी. परदेशातली स्टेशनं शॉर्टवेव्हवर पकडायची, डायलवर कुठे, किती वाजता, किती स्वच्छ, काय काय ऐकलं ते लिहून पाठवायचं. पडताळून खरं निघालं की स्टेशन शिक्क्याचं कार्ड पाठवतं. त्या कार्डासाठी आम्ही जीव टाकायचो. न ऐकता लिहिणारा आमच्यात महापापी, कारण एकानं थाप मारली की स्टेशन सगळ्या क्लबाकडेच संशयानं बघणार, ही धास्ती.

एका परदेशी स्टेशनच्या बंगाली कार्यक्रमावरचा हरिदांचा रिपोर्ट परत आला होता. स्टेशननं लिहिलं होतं, त्या जागी आम्ही बोलतच नाही. जागा कोणती, तर दहा पॉइंट नऊ! अहो, तिथे जहाजांची टिकटिक चालते, गाणीबिणी नाहीत. आणि आतला मजकूर मात्र माझ्या त्याच संध्याकाळच्या रिपोर्टशी तंतोतंत जुळणारा. कुठलं गाणं आधी, कुणाचं पत्र वाचलं, सगळं. तो टपालात टाकण्याच्या आदल्या दिवशी हरिदा घड्याळाला पट्टा बसवायला दुकानात आले होते आणि माझा रिपोर्ट काउंटरवर उघडा पडला होता. झालं! शनिवारच्या सभेत मी त्यांचं नाव वहीतून लाल शाईनं खोडलं. "नक्कल तरी धड करायची," असंही म्हणालो. लोक हसले.

हरिदा एवढंच म्हणाले, "मी ऐकलंय रे, पशुपती. घरी ये ना एकदा. दोन मिनिटं ऐक."

"मला धंदे आहेत," मी म्हणालो.

तर आता त्यांची बायको समोर. नाही कसं म्हणणार?

पहिल्या दिवशी बौदींनी डायलचं बटण असं गरागरा फिरवलं की मी ओरडलोच, "अहो, विहिरीचा रहाट आहे का तो? मुंगीच्या पावलानं फिरवा! केसाएवढ्या जागेत तीन स्टेशनं बसलेली असतात."

"मग तसं आधी सांगायचं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या खेपेला काय ते बोट चाललं! जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरलेली बाई. सुताचा ताण बोटाला कळतो, तशी त्यांना शिट्टीची धार कळायला लागली. शिट्टी बारीक होत होत मरते आणि तिच्या पोटातून माणसाचा आवाज निघतो, हे पहिल्यांदा झालं तेव्हा त्या चक्क दचकल्या. "अगं बाई! हा कुठून बोलतोय?"

"चीन असावं."

"तिथे आत्ता काय वाजलं असेल?"

मी सांगितलं. मग त्यांचे प्रश्न थांबेनात. समुद्रावरून आवाज कसा येतो? संध्याकाळी येतो तो सकाळी कुठे जातो? तो मध्येच बुडतो आणि वर येतो, तो पोहतो की काय? मी म्हटलं, वर आकाशात एक थर आहे, आवाज त्यावर आपटून खाली येतो. त्या छताकडे बघत राहिल्या. "म्हणजे आपल्या डोक्यावर सगळी दुनिया बोलतेय आणि आम्ही डाळ शिजवतोय!"

एरियलची तार मी सांगितली तशी त्यांनी स्वतः बांधली, घराच्या कौलापासून फणसाच्या झाडापर्यंत. मागावर ताणा लावावा तशी ताठ. दोन्ही टोकांना बाटलीच्या गळ्याची काच, आणि जमिनीची तार हातपंपाच्या नळाला. माझ्या घरची तार तेव्हाही अशी नव्हती आणि आजही नाही. लाइट गेली की गल्ली कुरकुरायची, बौदी मात्र खूश. विजेची खरखर थांबली की लांबचे आवाज वर येतात, हे त्यांनी आठवड्यात ओळखलं. वेळ लिहिताना मात्र घोळ. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे, कारण सगळं जग लंडनच्या घड्याळानं लिहितं, हे त्यांना पटेना. "लंडननं काय नवस केला होता?" पण केलं. पंधरा दिवसांत वजाबाकी माझ्याआधी करायला लागल्या.

त्या मला दर रविवारी वही दाखवायच्या. पौष सरत आला तेव्हा एका रविवारी बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा."

रोज संध्याकाळी, हरिदांच्या रिपोर्टातलंच स्टेशन. जागा: दहा पॉइंट नऊ.

माझं डोकंच सटकलं. "बौदी, त्यांची जुनी वही बघून लिहिलंत ना? तुम्ही पण?"

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "संध्याकाळी घरी या."

गेलो. त्यांच्या दारात मी अडीच वर्षांनी पाऊल टाकत होतो. माग झाकून ठेवलेला, त्याच्या शेजारी स्टुलावर रेडिओ. साडेसात वाजले. बौदींनी काटा दहा पॉइंट नऊवर आणला आणि हात काढून घेतला. आधी खरखर. मग बाईचा तो ओळखीचा आवाज, स्वच्छ बंगालीत, "श्रोतेहो, नमस्कार."

मी उठून उभाच राहिलो. "अशक्य आहे."

"थांबा. अजून एक गंमत आहे. मला कळेना म्हणून तुम्हाला बोलावलं." त्यांनी काटा मुंगीच्या पावलानं पुढे नेला. अकरा पॉइंट आठ, स्टेशनची खरी जागा. तिथेही तीच बाई, तेच वाक्य, फक्त शेजारच्या स्टेशनची शिट्टी आडवी आलेली. "ठाकुरपो, एकच बाई दोन ठिकाणी कशी बसते? मागे, दहा पॉइंट नऊवर, तर ऐकायला जास्त बरं वाटतं. यांनी म्हणून काटा तिथेच थांबवला असेल का?"

आणि मला हे माहीत होतं! पुस्तकात वाचलं होतं, क्लबात नवख्यांना शिकवलंही होतं. साध्या सेटवर जोरकस स्टेशन दोनदा लागतं, एकदा आपल्या जागी आणि एकदा खाली, त्याच्या सावलीत. माझ्या महागड्या सेटवर ती सावली पडत नाही, एवढाच फरक. हरिदांनी सावली ऐकली होती. ऐकली होती! सगळं खरं ऐकलं, खरं लिहिलं. मजकूर जुळला, कारण आम्ही दोघं एकच कार्यक्रम ऐकत होतो. चूक फक्त काट्याची. पहिल्या वर्षी प्रत्येक जण करतो ती.

मी सांगितलं. एका दमात. बौदींनी पदर डोळ्यांना लावला आणि हसल्या. "म्हणजे खोटं नव्हतं."

"नव्हतं. गाढव मी आहे. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगतो. त्यांचं नाव मीच परत लिहितो."

"सांगा, लिहा." त्यांनी कुरमुऱ्यांची वाटी आणि खजुराच्या नव्या गुळाचा खडा माझ्यापुढे सरकवला. "पण एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बोललात त्याचं यांना तेवढं लागलं नव्हतं. तुम्ही आला नाहीत, त्याचं लागलं. त्या शनिवारनंतर महिनाभर साडेसातला सेट लावायचे आणि दाराकडे बघायचे. पशुपती येईल, म्हणायचे. मग एक दिवस फळीवर ठेवला."

मी वाटी तशीच मागे सरकवली.

शनिवारी सभेत सांगितलं. लाल रेघ तशीच ठेवली, आणि तिच्याखाली माझी चूक माझ्या सहीनिशी लिहिली. हरिदांचा जुना रिपोर्ट पुन्हा पाठवला, सावलीचा खुलासा जोडून, त्यांच्याच नावानं. त्यात बौदींनी स्वतः एक ओळ घातली: ऐकणारा आता नाही, पण त्यानं ऐकलं होतं.

चैत्रात कार्ड आलं. वर निळा डोंगर, मागे शिक्का, आणि नाव हरिसाधन बसाक. मी दुकान अर्धं उघडं टाकून ते घेऊन धावलो. बौदींनी ते दोनदा वाचलं, पदरानं पुसलं आणि मागावर, जिथे हरिदा बसत तिथे ठेवलं. मग घड्याळाकडे बघितलं. साडेसातला दोन मिनिटं कमी होती.

मी निघायला वळलो, तर म्हणाल्या, "बसा की, ठाकुरपो. दोन मिनिटं."

मी बसलो.