काठावरून तपासलेला पूल

चूक माझीच होती. नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाची तपासणी मी काठावर उभा राहून उरकली आणि अहवालात लिहिलं, 'देखभालीअभावी पूल गंजला आहे.'

देखभाल रस्ते खात्यातले मजूर, मैलकुली तात्या, यांच्याकडे होती. दर उन्हाळ्यात ते कमरेला दोर बांधून पुलाखाली लोंबकळत आणि एकेका रिव्हेटवर हातोडी मारून कान लावत, मग खात्याकडून आलेला रंग देत. त्या दिवशी ते म्हणाले होते, "साहेब, बुटांना चिखल लागंल म्हणून भिता व्हय? पूल ठणठणीत हाय. उतरून बघा तरी."

मी उतरलो नाही. पूल कापून भंगारात गेला; कापताना लोखंड आतून शाबूत निघालं.

परवा त्या रस्त्याने गेलो. पाण्यात नुसते दगडी खांब उभे होते. भार गेल्यावर दगडसुद्धा किती निराधार दिसतो! इतके पूर सोसलेलं लोखंड कागदावरच्या एका ओळीपुढे टिकलं नाही. त्या ओळीखाली एक माणूसही चिरडला जाईल, हे सही करताना माझ्या मनातही आलं नव्हतं. "म्हाताऱ्यानं रंग विकून पूल खाल्ला," असं गाव अजून म्हणतं.

तात्या फाट्यावरच्या टपरीत एकटेच कोपऱ्यात बसले होते. मला पाहून कुणीतरी हसलं, "तात्या, आता काय खायला घालताय सायबाला?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तात्या, पूल चांगला होता. मी न बघताच लिहिलं. तुमच्या कामाला खोटा डाग लावला. मला माफ करा."