गरम टोकाखालची भेग

पुसानच्या टेकडीवर, आमच्या गल्लीत, चुलीचा धूर जमिनीखालून फिरवून खोली तापवणाऱ्या वाटा दुरुस्त करणारे एकच होते, माल्सूमिस्त्री. पन्नाशी उलटलेले, नखांत कायमची काजळी. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा तोंडातून काढायचे नाहीत. मला तर ते पक्के खडूस वाटायचे.

त्या जानेवारीत आमची जमीन तापेनाशी झाली. चुलीत कोळशाची वडी लालबुंद जळत होती, तरी गारठ्याने खोलीत पाऊल ठेववत नव्हतं. चुलीलगतचं हातभर टोक तेवढं गरम. ते घरातल्या वडीलधाऱ्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. चार दिवस त्या तिथून हलल्या नव्हत्या. रोज सकाळी डोकं धरून बसायच्या आणि मी मुळ्याच्या लोणच्याचं पाणी द्यायचे. डोकं धरलं की आमच्याकडे सगळेच देतात. वय झालंय, दुखायचंच डोकं, असं म्हणून मी कामाला लागायचे.

शेवटी मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चुलीत ओला पेंढा पेटवला आणि मागे जाऊन धुराड्याकडे पाहिलं. धूर जेमतेम निघत होता. वाटा काजळीने तुंबल्यात, म्हणाले. मग उरलेला धूर जातो कुठे? आत येऊन त्यांनी सासूबाईंची उशी सरकवली आणि जमिनीवरचा तेलकट कागद उचकटला. दरवर्षी जुन्यावर नवा चिकटवत आल्यामुळे पाच थर झाले होते. खाली वीतभर भेग होती, कडा काळ्याभोर.

काम दोन दिवसांचं होतं. तोवर आजींनी दाराजवळ झोपावं, इथे भेगेतून येणारा विषारी धूर झोपेत जीव घेईल, असं त्यांनी सांगितलं.

"म्हातारीला दारात ढकलायला सुनेने मिस्त्री बोलावलाय होय?" सासूबाई तिथेच मांडी ठोकून बसल्या. "मेले तरी हलायची नाही."

मला रागही आला आणि लाजही वाटली. सासूला थंड टोकाला टाकलं, असं गल्लीभर झालं असतं. मी गप्प राहिले. त्याची मला आजही शरम वाटते.

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली.

"माझ्या आईलाही मी गरम टोकच दिलं होतं, आजी. मिस्त्रीची आई ना. गादी रोज मीच घालायचो. भेग तिथेच होती."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"सकाळी श्वास चालू होता तिचा. मी मुळ्याचं पाणी पाजत बसलो. घशाखाली उतरत नव्हतं, तरी पाजत बसलो. डॉक्टर दोन गल्ल्या खाली राहायचा."

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. मी हात द्यायला गेले तर त्यांनी तो झटकला. गादी स्वतःच ओढत दाराशी नेली आणि तिच्यावर बसून बाहीनेच डोळे पुसले. मिस्त्री पाठमोरे होते. त्यांनी भेगेला छिन्नी लावली, पण बराच वेळ हातोडी काही उचलली नाही.