गिळलंत ना?

परक्यांच्या तोंडांचे साचे दिवसभर हाताळूनही तिला कधी शिसारी आली नव्हती. दातांच्या दवाखान्यांतून साचे यायचे. एखाद्याला रक्ताचा ठिपका चिकटलेला, एखाद्यात कुणाच्या सकाळच्या खाण्याचा कण. ती साचा नळाखाली धरायची, त्यात प्लास्टर ओतायची, मग गुलाबी मेणाची हिरडी घडवून तिच्यात एकेक दात बसवायची. बावीस वर्षं ती कवळ्या करत होती. लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत, मालकसुद्धा, आणि मालक तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे. किळस म्हणजे काय ते तिला शिकवलं तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, आणि तेही तालासुरात.

भाऊ रॅप करायचा. नाव घेतलं होतं खिळा. का, तर म्हणे तो समाजाच्या डोक्यात घुसतो. हा चौतीस वर्षांचा खिळा आतल्या खोलीत खिडकीवर जुनी ब्लँकेटं टांगून माइकसमोर साऱ्या व्यवस्थेला शिव्या घालायचा आणि बाहेर येऊन विचारायचा, "ताई, माझा निळा टीशर्ट धुतलास का?" आठ वर्षांत अकरा गाणी झाली. ऐकणारे बोटावर मोजण्याइतके, त्यांतले निम्मे त्याचेच मित्र. ताईने कधी नाक मुरडलं नाही. एका गाण्यात तर तिने मागे गुणगुणूनही दिलं होतं, तेवढंच त्याला बरं वाटेल म्हणून.

घरात तिसरे बाबा. उभा जन्म नकाशे काढण्यात गेलेला माणूस; रेघ इकडची तिकडे होऊ द्यायचे नाहीत. आता त्यांना तासापूर्वीचं आठवत नसे. जेवून, हात धुवून खुर्चीत बसायचे आणि जरा वेळाने विचारायचे, "आज कुणी वाढणार आहे का?" ताई सांगायची, "बाबा, आत्ताच जेवलात तुम्ही." दहादा विचारलं तर दहादा सांगायची.

एका रविवारी त्यांनी अकराव्यांदा विचारलं. सकाळपासून ती कपडे, गळका नळ आणि बाबांनी ओली केलेली गादी यांच्यामागे होती. ती फाटकन म्हणाली, "बाबा, गिळलंत ना आत्ताच? गिळलंत ना!"

आता आपल्याकडे 'गिळलंस' निराळं आणि 'गिळलंत' निराळं. रागाच्या भरात जेवण्याचं गिळणं झालं खरं, पण शेवटचा 'त' काही सुटला नाही. जन्मभर बाबांना अहोजाहो केलेलं. अपमान करतानासुद्धा बिचारीने मान राखला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग खालमानेने म्हणाले, "बरं, बरं." ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि माइक चालू होता.

आठवड्याभराने ती कामावर निघाली असताना, एक चप्पल पायात आणि एक बाहेर, खिळा म्हणाला, "ताई, नव्या गाण्यात तुझा आवाज घेतोय थोडासा. चालेल ना?" तिला वाटलं, मागचं गुणगुणणंच पुन्हा उचललं असेल. ती म्हणाली, "घे रे बाबा, त्यात विचारायचं काय?" आणि बस गाठायला पळाली.

गाणं आलं. म्हातारा म्हणजे सत्ता आणि सवाल करणारी बाई म्हणजे जनता, असा खिळ्याचा थोर विचार होता. कडव्यांमध्ये रस्ते, शाळा, नद्या कुणी गिळल्या त्याची यादी, आणि मध्ये मध्ये ताईचा फाटलेला आवाज: गिळलंत ना? त्यावर बाबांचं, बरं बरं. त्यातही त्याने बाबांच्या 'बरं'ला असे काही झटके दिले होते की म्हातारा उचक्या देतोय असं वाटावं. ताईने ते बसमध्ये ऐकलं, शेजारच्या बाईच्या फोनवर. घरी येऊन ती भांडली, तर तो शांतपणे म्हणाला, "तूच तर हो म्हणालीस."

लोकांनी कडव्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. उचलली ती तेवढी दोन वाक्यं. सुना सासऱ्यांपुढे रिकामी ताटली धरून व्हिडिओ करू लागल्या. नातवंडं आजीच्या नाकासमोर चमचा नाचवून तोंड मिटायच्या आत मागे घेऊ लागली, आणि त्या आज्या, काय चाललंय ते न कळून, कॅमेऱ्याकडे बघून हसायच्या. कुणी कुत्र्याला म्हणून पाहिलं. मैदानावर खिळ्याचा कार्यक्रम झाला, तिथे अर्धी गर्दी ओरडून विचारायची आणि अर्धी हात वर करून "बरं बरं" म्हणायची. हजारो धडधाकट माणसं एका विसराळू म्हाताऱ्याची नक्कल करत होती आणि घामाघूम होऊन एकमेकांना टाळ्या देत होती. एका शहाण्याने लिहिलं, असं अस्सल काही बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. अस्सल! दुसऱ्याच्या घरातली ओली गादी गच्चीवर वाळत घालावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तिचा वास घेऊन वाहवा करावी, त्यातली गत.

लॅबमध्ये डबे उघडले की मालक म्हणायचे, "काय ताई, गिळलंत ना?" आणि सगळी लॅब एका सुरात, "बरं बरं!" आवाज तिचाच आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ताईचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. भावाची किळस यायची, या हसणाऱ्यांची यायची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या गळ्याची. कारण बोलली होती तर तीच.

एके दिवशी बोलताना बाबांची कवळी खाली घसरली. ती तिनेच केलेली, चिकटून बसणारी, आजवर कधी हललीही नव्हती. माणूस वाळला की हिरड्या आक्रसतात आणि कवळी सैल होते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने बाबांच्या सदऱ्याची कॉलर पाहिली. आत आणखी एक मान मावली असती.

दुपारी बाबांजवळ बसायला शेजारच्या मावशी यायच्या. त्या म्हणाल्या, "अगं, ताटावर बसतात आणि लगेच झालं म्हणतात. मला वाटलं, सकाळी पोटभर खात असतील." आणि रात्री ते ताट सारत तेव्हा ताईला वाटत आलं होतं, दुपारी पोटभर झालं असेल.

दुसऱ्या दिवशी ताईने अर्धी रजा टाकली. बाबांना वाढून ती दाराआड उभी राहिली. बाबांनी पहिला घास उचलला. तेवढ्यात समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाने बाहेर ठेवलेला स्पीकर लावला. 'गिळलंत ना?' बाबांचा हात खाली आला. घास त्यांनी ताटात परत ठेवला, होता तिथेच. "बरं, बरं," म्हणाले आणि ताट दोन्ही हातांनी हळूच दूर सारलं. मग बोटं पुसून, कुणी रागावू नये अशा बेताने, मांडीवर हात ठेवून बसले.

तिने खिळ्याला बोलावलं. पुढच्या वेळी स्पीकर वाजला तेव्हा दोघंही दाराआड होते. तसंच झालं. खिळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि क्षणभर तिला वाटलं, आपला धाकटा अजून शिल्लक आहे. मग त्याने खिशातून फोन काढला.

"ताई, त्यांना परत वाढ ना. याचा पुढचा भाग होईल. लोक रडतील."

तिला उमासा आला, खरोखरीचा. तिने तोंडावर पदर दाबला.

"काढून टाक ते गाणं."

"आता ते माझ्या हातात कुठे राहिलंय? लोकांचं झालं ते."

"बाबांच्या तोंडचा घास काढलास रे तू!"

"मी?" खिळा म्हणाला. "बोलली होतीस तू."

ती आतल्या खोलीत गेली, त्याच्या खिडकीवरची ब्लँकेटं ओढून काढली आणि जेवायच्या खोलीच्या खिडकीवर टांगली. आवाज येणं बंद झालं. अंधारलेल्या खोलीत तिने बाबांसमोर पुन्हा ताट मांडलं, शेजारी बसली आणि जितकं गोड बोलता येईल तितकं गोड बोलली, "बाबा, जेवा ना."

बाबांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. "बरं, बरं," म्हणाले आणि ताट दूर सारलं.

तेव्हापासून ताई जेवणाच्या वेळी घरात बोलत नाही. मावशींनाही तिने सांगून ठेवलंय, वाढायचं ते मुक्यानेच. ती बाबांच्या समोर बसते, घास त्यांच्या ओठांपाशी धरते आणि स्वतःचं तोंड उघडते, तान्ह्या बाळापुढे उघडतात तसं, पण 'आ' म्हणत नाही. बाबा बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहतात. आतून काही येत नाही अशी खात्री पटली की मग आपलं उघडतात.