निष्क्रियतेचा करंडक

भिंगारमधल्या आमच्या घरात रोज ढिगाने माणसं पहिली यायची. म्हणजे माणसं नव्हे, त्यांचे करंडक. आबा विक्रीचे करंडक घडवून त्यांचं पितळ घासायचे, आई पेट्यांना मखमल चिकटवायची आणि समाज बदलायला निघालेली त्यांची लेक, म्हणजे मी, त्याच टेबलावर पत्रकं लिहायची. (सगळी 'जागे व्हा!' अशी. जागरण फक्त माझंच झालं.)

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या नळाने नुसतं फुसफुसायचं धोरण स्वीकारलं. पाणीखात्याच्या साहेबांना अर्ज दिले, घेराव घातला, साहेब ढिम्म! तेव्हा आम्ही ठरवलं, भर चौकात, पत्रकारांसमोर साहेबांना 'निष्क्रियता पुरस्कार' द्यायचा. लाजेने तरी पाणी सोडतील!

"आबा, करंडकाच्या पट्टीवर कोरा, 'काहीही न केल्याबद्दल'."

आबांचा हात थांबला. "आपल्या पट्टीवर आजवर वंगाळ शब्द कोरल्याला न्हाई."

"हे आंदोलन आहे, आबा!"

"आसंल. पर माल आपला हाय ना?"

"द्या की करून," आई म्हणाली. "पोरीनं पहिल्यांदाच आर्डर आणलीय."

करंडक आबांनी थेट चौकातच आणून दिला. मी त्वेषाने भाषण ठोकलं, पेटी उघडली आणि बघते तो काय! हंसाच्या मानेसारख्या मुठी, आरशासारखी चकाकी, आणि पट्टीवर 'उत्कृष्ट पाणीपुरवठ्याबद्दल सस्नेह भेट'!

साहेबांचे डोळे भरून आले. "एवढ्या नोकरीत पहिलाच हो!"

"साहेब, हा निषेध आहे!" मी ओरडले.

"किती विनय!" म्हणत त्यांनी करंडक छातीशी धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (करंडक दिसला की आमच्याकडे टाळ्या वाजतातच.) दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: साहेब रडताहेत आणि मी तोंड वासून त्यांचा सत्कार करतेय.

"आबा, काय केलंत हे?"

"अगं, चार लोकांत करंडक घेताना मानसाला मान खाली घालाया लागली, तर त्यो करंडक कसला?"



साहेब मात्र उपकार विसरणारे नव्हते. आठवड्यात नवी पाइपलाइन आली. फक्त आमच्या घरापर्यंत! "कलावंताच्या घरी पाणी पाहिजे," म्हणे. झालं! अख्खी गल्ली हंडे घेऊन आमच्या दारात. तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून पहाटे उठून मीच नळी धरून बसायला लागले.

"आज धार बारीक सोडलीस का गं?" शेजारच्या शांतामावशी कडाडल्या.

"मावशी, मी काय पाणीखातं आहे?"

"मग नळी कोनाच्या हातात हाय?"

गल्लीचा पुढचा मोर्चा अर्थातच आमच्या दारावर आला. पण बायकांना घोषणेचा ठेका काही सापडेना. मला ते ऐकवेना. शेवटी मीच नळी खाली ठेवली, पायरीवर उभी राहिले आणि माझ्या नावाचा मुर्दाबाद त्यांना नीट बसवून दिला.